मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती आणि दोन्हींचं गणित का जुळत नाही

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. गेल्या हिवाळ्यात ती महिनाभर घरी राहून गेली, तेव्हा तिच्या दोन्ही तिकिटांच्या प्रती आईने फ्रीजच्या दारावर लावून ठेवल्या होत्या. जाताना मुंबईहून सुटायची वेळ रात्री १.३०, तिकडे पोहोचायची सकाळी ७.००, तारीख तीच. येतानाच्या तिकिटावर मात्र तिकडून दुपारी १२.०० ला निघून इथे दुसऱ्या दिवशी दुपारी १.०० ला पोहोच. आईने दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जाताना साडेपाच तास आणि येताना पंचवीस? अंतर तर तेवढंच आहे ना?"

घड्याळं वेगळी असतात हे आईला ठाऊक होतं. तिला खरे तास हवे होते. ते काढून दिल्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, तो जास्त अवघड होता: खरे तास काढले तरी जाताना जास्त आणि येताना कमी का? त्याचं उत्तर शोधता शोधता भूगोल, हवामान आणि देशांचं राजकारण असं सगळंच हाताशी घ्यावं लागतं.

आधी घड्याळाचं उरकू. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मुंबईत रात्रीचा दीड म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे तीन. तीनला निघून सकाळी सातला पोहोचलं, म्हणजे सोळा तास. येताना तिथले दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा; तिथून दुसऱ्या दिवशी दुपारच्या एकपर्यंत साडेचौदा तास.

यातून एक छान युक्ती निघते. तिकिटांवरची घड्याळी तफावत दोन्ही बाजूंची घ्या आणि नुसती मिळवा. साडेपाच आणि पंचवीस मिळून साडेतीस. सोळा आणि साडेचौदा मिळूनही साडेतीसच. जाताना वेळेतला फरक वजा होतो, येताना तेवढाच मिळवला जातो, आणि बेरजेत तो आपोआप कटतो. तिकडचं घड्याळ किती मागे आहे हे माहीत नसलं तरी जाऊन-येऊन विमानात किती तास जाणार हे अचूक कळतं. फक्त मधल्या काळात तिकडे घड्याळ बदललेलं नसावं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात, म्हणून उन्हाळ्यात आपला फरक साडेनऊ तासांचाच उरतो. ब्रिटनमध्ये हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी या मधल्या आठवड्यांत वेळ दोनदा तपासावी.

गोलावरचा दोरा

आता अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५५० किलोमीटर, असं कुठेही सापडेल. हा आकडा येतो कुठून? कोणी मोजपट्टी घेऊन समुद्र ओलांडलेला नाही.

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो. तो साधारण धावपट्ट्यांच्या मध्यापाशी धरतात, आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. मुंबईचा बिंदू १९ अंश ५ मिनिटे उत्तरेच्या आसपास आहे. दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश त्रिकोणमितीच्या एका सूत्रात घातले की गोलाच्या पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर मिळतं. सूत्र माहीत नसलं तरी घरात पृथ्वीचा गोल असेल तर हेच काम दोऱ्याने होतं. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरा, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा स्वतःच सगळ्यात जवळची वाट पकडतो. ही वाट ज्या वर्तुळाचा तुकडा असते, त्याचं केंद्र पृथ्वीच्या मध्याशीच येतं. भूगोलात त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात.

हा प्रयोग खरंच करून बघा, कारण दोरा जिथून जातो ते बघून माणूस थक्क होतो. आपल्या मनात अमेरिका म्हणजे पश्चिमेला. अरबस्तान, भूमध्य समुद्र, मग अटलांटिक, अशी वाट आपण धरून चालतो. दोरा मात्र मुंबईहून निघतो तोच उत्तरेकडे, थोडा पश्चिमेला कलून. कंदाहारच्या आसपासून वर चढतो, कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडतो, मॉस्कोजवळून जातो, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे करत जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत पोहोचतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी उंबरठ्यावर. मग आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून कॅनडाच्या किनाऱ्याने खाली उतरत न्यूयॉर्कला येतो.

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने सरळ रेघ मारली तर ती वाट १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरते. दोऱ्यापेक्षा सुमारे १,६५० किलोमीटर जास्त! नकाशावर सरळ दिसते तीच वाट लांबची, आणि वाकडी दिसते ती जवळची. दोष रेघेचा नाही. गोल साल सपाट कागदावर पसरायची म्हटल्यावर ती कुठेतरी ताणावीच लागते. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये जो नकाशा केला, तो जहाजांना दिशा धरून चालता यावं म्हणून. त्यात उत्तरेचे प्रदेश अवाढव्य होतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. सीटसमोरच्या पडद्यावर विमान उगाच वळसा घेतंय असं वाटतं, त्याचं मूळ या ताणलेल्या कागदात असतं.

दोन संकेतस्थळांवर अंतरात वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर गोंधळू नये. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांशी थोडी चेपलेली आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांपाशी ६,३५७. कोणी ती शुद्ध गोल धरतं, कोणी चेपलेली. शिवाय एकक बघावं. वैमानिक नॉटिकल मैलात बोलतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा. मला हे एकक फार आवडतं, कारण त्यात पृथ्वीच पट्टी होते. मुंबई १९ अंश ५ मिनिटांवर, म्हणजे ६० ने गुणून १,१४५ मिनिटं. म्हणून मुंबईपासून विषुववृत्त १,१४५ नॉटिकल मैल. पुस्तक उघडायची गरज नाही.

वारा

अंतर ठरलं. आता वेगाने भागलं की वेळ यायला हवी. लांब पल्ल्याची मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५० अंशांच्या थंडीत ध्वनीच मंदावतो, ताशी १,०६५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० च्या घरात. १२,५५० भागिले ९०० म्हणजे साधारण चौदा तास. चढणं-उतरणं धरून पावणेपंधरा. बहिणीला येताना साडेचौदा लागले आणि जाताना सोळा. दोन्ही आकडे या गणिताच्या अल्याडपल्याड का पडले?

इथे आमच्या शेजारच्या काकांनी एक सिद्धांत मांडला होता, आणि तो इतक्या लोकांकडून ऐकला आहे की त्यावर बोलायलाच हवं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर गेल्यावर खालून अमेरिका आपोआप जवळ येईल, म्हणून पश्चिमेला जाणं सोपं असलं पाहिजे. तसं होत नाही, कारण हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या एसटीत खिडक्या बंद असताना एखादी माशी उडत असते. ती मागच्या काचेवर जाऊन आपटत नाही. गाडीतली हवा गाडीबरोबर चाललेली असते आणि माशी त्या हवेत उडते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे. हवा मागे राहिली असती, तर आपल्याला तेवढ्या वेगाचं वादळ कायम सोसावं लागलं असतं.

काकांचं सगळंच चुकलं नव्हतं, पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे. फक्त तो उलट्या बाजूने लागतो. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर जमीन ताशी १,२७० किलोमीटरनेच फिरते, कारण तिथलं वर्तुळ लहान. आता समजा, उष्ण पट्ट्यातली हवा तापून वर गेली आणि उंचावरून ध्रुवाकडे सरकू लागली. तिच्या अंगात दक्षिणेकडचा जादा पूर्वमुखी वेग असतो. उत्तरेला खालची जमीन सावकाश फिरते, म्हणून ही हवा जमिनीच्या पुढे धावते. जमिनीवरून बघणाऱ्याला हा पश्चिमेकडून पूर्वेकडे सुटलेला प्रचंड वारा दिसतो. उष्ण आणि थंड हवेतला फरक जिथे तीव्र असतो, तिथे या वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. हेच जेट प्रवाह. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, कधी कधी तीनशेच्याही वर. हिवाळ्यात उष्ण-थंड फरक वाढतो, म्हणून वाराही वाढतो. आपल्याकडच्या शाळेत मान्सूनच्या धड्यात याचाच एक पट्टा भेटतो: हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला असतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिबेटच्या पलीकडे सरकतो.

या वाऱ्यांची पद्धतशीर मोजणी पहिल्यांदा जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात केली, फुगे सोडून. ती एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे जगाचं फारसं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तो वारा प्रत्यक्ष भेटला.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत 'नाव आणि प्रवाह' यावरची गणितं असायची. विमानाचं तेच आहे. विमान हवेच्या मानाने ९०० ने जातंय. पाठीमागून १०० चा वारा असेल तर जमिनीच्या मानाने १,०००, समोरून असेल तर ८००. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही ध्वनीचा अडथळा ओलांडला गेला नाही, कारण हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

त्याच गणितातली एक गोष्ट नजरेतून सुटते. जाताना गमावलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही. ३,६०० किलोमीटरची फेरी घ्या. वारा नसेल तर चार आणि चार, आठ तास. १०० चा वारा असेल तर समोरून साडेचार तास आणि पाठीशी ३ तास ३६ मिनिटं, एकूण ८ तास ६ मिनिटं. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून असतो, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा.

यामुळेच जवळची वाट आणि लवकरची वाट वेगळ्या होतात. माझ्या माहितीतलं सर्वांत ठळक उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचं. आधी ते युरोप-अटलांटिकवरून पश्चिमेला जायचं, १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून पूर्वेला पाठवलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, आणि प्रवास साडेचौदा तासांत झाला, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास कमी. चौदाशे किलोमीटर जास्त कापून दोन तास आधी! वारा समोर घेण्यापेक्षा पाठीशी घेतला, एवढंच केलं.

आकाशातल्या सरहद्दी

दोरा कंदाहार, मॉस्को करत गेला, पण खरं विमान आज तसं जाऊ शकत नाही. आकाशाला सरहद्दी असतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैमध्ये उघडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांना ती पुन्हा बंद झाली. याचा फटका मुंबईला कमी आणि दिल्लीला जास्त बसतो. मुंबईहून निघालेलं विमान थेट अरबी समुद्रावर, तिथून ओमानकडे. आपल्यासमोर समुद्र मोकळा आहे. दिल्लीच्या विमानाला पश्चिमेला जायचं असलं तरी आधी दक्षिणेला गुजरातच्या किनाऱ्याकडे उतरावं लागतं. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं या वळशामुळे इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. एकदा उतरायचं म्हटलं की फक्त उतरण्याची वेळ वाढत नाही; पुन्हा इंधन, पुन्हा रांग, पुन्हा चढण. दोन-तीन तास सहज जातात. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपीय कंपन्यांना बंद आहे, आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरावर गेला.

डोंगरही आड येतात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला पटकन १०,००० फुटांवर यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावर लोंबणाऱ्या मुखवट्यांतला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून तिथून जाणारे मार्ग मोजके, आणि सुटकेची वाट आधी ठरवलेली.

मुंबई–दिल्ली: सव्वादोन तास कुठे जातात?

लांबच्या प्रवासात वारा मोठा, जवळच्या प्रवासात जमीन मोठी. मुंबई–दिल्ली हवाई अंतर १,१४० किलोमीटर. राजधानी एक्स्प्रेसचा लोहमार्ग जवळपास १,३८५. लहान जेट विमान ताशी ८३० ने गेलं तर एक तास बावीस मिनिटं. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तास.

तिकिटावरची वेळ विमान उडण्या-उतरण्याची नसते. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि तिकडे गेटवर येऊन थांबलं की बंद. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. रांगेत दहा-पंधरा, कधी वीस मिनिटं. मग चढण. पूर्ण उंची गाठायला साधारण वीस मिनिटं, आणि १०,००० फुटांखाली वेग ताशी ४६० च्या आसपासच ठेवावा लागतो. उतरण गंतव्याच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधीच सुरू होते. म्हणजे विमान जयपूरच्या आसपास असतानाच खाली यायला लागतं. वारा कुठून आहे त्यावर कोणत्या बाजूने उतरायचं ते ठरतं, त्यासाठी वळसा. दिल्लीत धुकं असेल तर घिरट्या. हे सगळं अनुभवाने माहीत असल्यामुळे कंपन्या वेळापत्रकात थोडी जादा वेळ धरूनच ठेवतात. म्हणूनच कधी कधी उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोहोचतं.

गोव्याचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. मुंबईहून दाबोळी हवेतून ४२५ किलोमीटर, मोपा ३९० च्या आसपास. पस्तीस किलोमीटर कमी, म्हणजे अडीच मिनिटांचा फरक. रनवेच्या रांगेत एखादं विमान पुढे असलं तरी तेवढी मिनिटं जातात. कोणत्या विमानतळाला उतरायचं हे हवेतल्या अंतरावरून ठरवू नका. मडगावला जायचंय की सावंतवाडीला, ते बघा.

मी स्वतः एक ठोकताळा वापरतो. देशांतर्गत असेल तर किलोमीटर भागिले ८३०, परदेशात मोठं विमान असेल तर भागिले ९००, आणि त्यात पाऊण तास मिळवायचा. मुंबई–गोवा सव्वा तास येतो. मुंबई–दिल्ली दोन तास सात मिनिटं. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, म्हणजे आठ अधिक पाऊण, पावणेनऊ. पश्चिमेला जाताना लंडनसाठी त्यात आणखी तासभर आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी तास-दीड तास वाढवायचा. एवढ्यावर तिकिटावरच्या वेळेच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचता येतं. हवाई हद्द बंद असेल किंवा मध्ये थांबा असेल, तर मात्र ठोकताळा बाजूला ठेवून वेळापत्रकच बघावं.

यंदा बहीण पुन्हा डिसेंबरात येतेय. तिकडून दुपारी बाराला निघणार. आईने यावेळी मला विचारलं नाही. वहीत साडेदहा तास मिळवले, खाली 'वारा पाठीशी' असं लिहिलं, साडेचौदा तास धरले आणि दुपारी एक काढला. मग सामान आणि इमिग्रेशनचा दीड तास, घरापर्यंत गाडीला सव्वा तास. पावणेचारला वरणभाताचा कुकर लावायचा, असं तिने ठरवलंय.